शिखर आणि एक रिकामा रकाना

पुण्यातल्या माणसाला हिमालयातलं शिखर चढायचं मनात यायला फारसं काही लागत नाही. भर पावसातला एक ट्रेक, उतरल्यावर टपरीवरचा चहा आणि "सह्याद्री काय, आता झालाच आपला" असं म्हणणारा एक जण, एवढं पुरतं. सह्याद्री झाला म्हणजे राजगड ते तोरणा झालं, हरिश्चंद्रगड झाला, कळसूबाई झाली आणि एकदा पौर्णिमेला कात्रज ते सिंहगड झालं. उरलेल्या किल्ल्यांनी या अनुल्लेखाचा कधी निषेध केल्याचं ऐकिवात नाही. परतीची गाडी नवले पुलाशी यायच्या आत व्हॉट्सॲपवर 'मिशन हिमालय' नावाचा गट निघतो. गटाला फोटो एव्हरेस्टचा लावतात. आपण तिथे जाणार नसतो, पण गटाला काहीतरी फोटो हवाच.

गटात येतात चौदा. त्यातले आठ "मी नक्की" म्हणतात, म्हणजे ते येणार नाहीत. तिघं काहीच बोलत नाहीत आणि शेवटी तेच पैसे भरतात. राहिलेल्यांत एक अनुभवी असतो. तो पूर्वी कधीतरी रूपकुंडाला गेलेला असतो आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "हिमालयात ना" अशी करतो. एक शाळेतल्या बाई असतात. मे महिन्यात सुट्टी असलेलं संपूर्ण गटातलं ते एकमेव माणूस. आणि एक खजिनदार असतो. त्याला खजिनदार कुणी नेमलेलं नसतं, पण पूर्वीच्या एका ट्रेकचे चाळीस रुपये कुणाकडे राहिलेत हे त्याला अजून आठवतं, आणि ही पात्रता वादातीत असते.

पहिला वाद शिखर कुठलं यावर होतो. अट साधी असते: नवशिक्यांना झेपायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायचे काटे, बुटाला बांधणाऱ्यालाही चढता येईल असं, पण ऐकणाऱ्याला मात्र ते अशक्य वाटेल असं. या अटीवर लगेच तीन पक्ष पडतात.

पहिला पक्ष सहा हजारी. त्यांचं म्हणणं, एवढं जायचंच तर निदान सहा हजार मीटर तरी करू. या पक्षाचं आराध्यदैवत म्हणजे लडाखमधलं ६,१५३ मीटरचं स्टोक कांगरी. वर्षानुवर्षं नवशिक्यांनी ते इतकं चढलं की त्याच्या हिमनदीचं पाणी पिणाऱ्या स्टोक गावावर ताण आला आणि २०२० पासून ते बंद करावं लागलं. मग सहा हजारी पक्ष युनामकडे वळतो. ते ६,१११ मीटर, आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या भरतपूरपर्यंत, म्हणजे साडेचार हजार मीटरच्याही वर, गाडीच जाते. खजिनदाराला ही गोष्ट फार आवडते, कारण तेवढी उंची डिझेलच्या पैशांत मिळते. फक्त गाडीने मिळवलेली उंची गाडीलाच मानवते. आत बसलेल्याचं डोकं रात्री दुखायला लागतं आणि पहाटे त्याला पुणे आठवतं.

दुसरा पक्ष नेपाळवाल्यांचा. तिथे नेपाळ पर्वतारोहण संघटनेच्या परवान्यावर चढता येतील अशी 'ट्रेकिंग पीक' म्हणून ठरवून दिलेली शिखरंच आहेत. त्यातलं एक मेरा, ६,४७६ मीटर. अनुभवी इथे इतिहास सांगतो आणि या वेळी तो खराही असतो. १९५३ साली एव्हरेस्ट मोहिमेसाठी ऑक्सिजनच्या नळकांड्या पोहोचवायला जिमी रॉबर्ट्स नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी गेला होता. माल पोहोचता केल्यावर हाताशी थोडे दिवस होते, तेव्हा त्याने सेन तेनझिंग नावाच्या शेर्पाला बरोबर घेऊन २० मे रोजी मेरा चढून टाकलं. हिलरी आणि तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोहोचायला अजून नऊ दिवस होते. याच रॉबर्ट्सने पुढे १९६४ मध्ये पैसे घेऊन लोकांना नेपाळात ट्रेकला नेणारी कंपनी काढली. आज आपण ज्या पत्रकावर सही करतो, त्याचं मूळ तिथे आहे. गटाला मात्र या गोष्टीत रस वाटतो तो एवढाच, की माल पोहोचवायला गेलेल्या माणसाला शिखर जमतं तर आपल्याला का नाही. रॉबर्ट्सकडे मोकळे दिवस होते, हा मुद्दा तेव्हा कुणाच्याच ध्यानात येत नाही.

तिसरा पक्ष मनालीचा आणि शेवटी तोच जिंकतो, कारण मनालीला सगळे एकदा हनिमूनला जाऊन आलेले असतात. सोलंग खोऱ्याच्या वर, पीर पंजाल रांगेत, फ्रेंडशिप पीक नावाचं शिखर आहे. उंची ५,२८९ मीटर. दोर, हार्नेस, बर्फाची कुऱ्हाड हे सगळं लागतं, पण चढ असा की चांगला गाईड आणि बरी प्रकृती असेल तर नवखा माणूसही वर जाऊ शकतो. सहा हजारी पक्ष नाराज होतो. तेव्हा खजिनदार तोडगा काढतो, "नातेवाइकांना फुटांत सांगायचं." सतरा हजार तीनशे फूट म्हटल्यावर सहा हजार मीटरवाल्याचाही आवाज बसतो. ठराव एकमताने मंजूर होतो.

आता तक्ता. मराठी माणसाने हिमालयाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर एक्सेलचा तक्ता, असं उत्तर देता येईल. तारीख, मुक्काम, उंची, चालण्याचे तास, नाश्ता, शेरा. पुणे-दिल्ली विमान. दिल्ली-मनाली रात्रीची बस, पाचशेहून जास्त किलोमीटर. मनाली, २,०५० मीटर. तिथून धुंडी, अटल बोगद्याचं दक्षिण तोंड जिथे आहे ती जागा, तीन हजार मीटरच्या आतबाहेर. मग बकरथाच, सुमारे ३,३००. मग लेडी लेग, ३,८०० च्या वर. हे नाव वरच्या बर्फाच्या आकारावरून पडलं म्हणतात, पण तक्ता घरच्यांच्या हाती पडण्यापूर्वी तिथे 'बेस कॅम्प' लिहावं, हा अनुभवीचा सल्ला खरोखर अनुभवाचा असतो. मग बर्फावरचा सराव, मग शिखर, मग उतरणं, मग बस.

आणि या सगळ्यात दोन रकाने रिकामे असतात. एक उंचीची सवय व्हायला म्हणून नुसतं थांबण्याचा. दुसरा हवामान बिघडलं तर हाताशी असावा म्हणून राखलेला. गाईडने पाठवलेल्या कार्यक्रमात हे दोन्ही दिवस ठळक अक्षरांत असतात. गटाची नजर थेट तिथेच जाते.

"या दिवशी काय आहे?"

"काही नाही. थांबायचंय."

"थांबून करायचं काय?"

या प्रश्नाला पर्वतारोहणाच्या इतिहासात उत्तर नाही. म्हणजे शास्त्रात आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची न वाढवता काढावा. हवेतला ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो, पण हवाच विरळ होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. एका श्वासाला अर्धाच ऑक्सिजन मिळतो, आणि शरीराला ही कपात मान्य करायला दिवस लागतात. घाई केली तर आधी डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं. त्याकडे दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचतं, आणि तेव्हा ताबडतोब खाली उतरवणं हाच खरा उपाय असतो. हे सगळं गटात कुणीतरी वाचून दाखवतं. सगळे गंभीर होतात. मग अष्टविनायक दीड दिवसात आटोपणारा एक जण म्हणतो, "बरोबर आहे, पण आपण चालता चालता सवय करून घेतली तर?"

कारण अडचण पैशांची नसते. बूट घेता येतात, विमानाची तिकिटं काढता येतात, गाईडची फी हप्त्याने देता येते. दिवस कुठून आणायचा? रजा नऊ दिवसांची. शनिवार-रविवार धरून अकरा. त्यात एक जण म्हणतो, "माझ्या साडूच्या मुलाची मुंज आहे, मला एक दिवस आधी निघावं लागेल." दुसऱ्याचा बॉस रजेच्या अर्जावर एवढंच लिहितो, "तिथे नेटवर्क असेल ना?" शाळेतल्या बाई सोडल्या तर सगळ्यांचे दिवस आधीच कुणाकुणाच्या नावावर चढलेले असतात. मग रात्री साडेअकराला खजिनदार तक्त्याची नवी आवृत्ती टाकतो. सवय होण्याचा दिवस आणि राखीव दिवस एकत्र करून 'अर्धा दिवस विश्रांती (बसमध्ये)' असं झालेलं असतं.

घरची आघाडी वेगळीच. १९२३ साली जॉर्ज मॅलरीला एका अमेरिकी वार्ताहराने विचारलं, एव्हरेस्ट चढायचंय कशाला? तो म्हणाला, ते तिथे आहे म्हणून. या उत्तरावर शंभर वर्षं जगातले गिर्यारोहक पोसले गेले. तेच उत्तर आपल्याकडे आईला देऊन पाहावं.

"आहे तर असू दे की. ते काय पळून चाललंय?"

मॅलरीला अशी आई भेटली असती तर इतिहास वेगळा झाला असता. बायको "अहो, जायचं तर जा" म्हणते आणि पाच मिनिटांनी विम्याची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते विचारते. ती काढून वाचल्यावर दोघांनाही एकाच वेळी कळतं की गिर्यारोहणात काही झालं तर हा विमा चालत नाही आणि वेगळा घ्यावा लागतो. "रोज फोन करत जा," असं सासूबाई म्हणतात. वर रेंज नाही म्हटलं तर सॅटेलाइट फोन घ्या म्हणतात, त्या सिनेमात असतो तो. तो आपल्या देशात परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा होतो की जावई हिमालयात नाही, कुठल्या तरी गुप्त कामगिरीवर चाललाय.

मग खरेदी. हिमालयाची खरेदी नेहमी एप्रिलमध्ये करावी लागते, कारण जायचं मेअखेर-जूनमध्ये असतं. बाहेर ३९ अंश. दुकानात एसी बंद. अशा वेळी उणे दहाला चालणारं पिसांचं जाकीट घालून माणूस आरशासमोर उभा राहतो आणि दुकानदार विचारतो, "कसं वाटतंय?" वाटतं ते सांगायला तोंडात पाणी उरलेलं नसतं. बर्फाचे बूट आणि क्रॅम्पॉन मनालीत भाड्याने मिळतात, हे कळल्यावर खजिनदाराचा जीव भांड्यात पडतो. मग तो मोज्यांचीही चौकशी करतो. एक मात्र खरं: चालायचे बूट आधीपासून पायात रुळलेले हवेत आणि निघताना नखं कापलेली हवीत, नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख प्रत्येक पावलाला आपली हजेरी देतं. म्हणून बरेच जण नवे बूट घालून ऑफिसला जातात. लिफ्टमध्ये लोक अदबीने जागा देतात.

सरावाला पुण्यात तोटा नाही. पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर पाठीला दहा किलोची सॅक लावलेली मंडळी दिसतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, तांदूळ आणि एकाच्या तर जुने दिवाळी अंक असतात, कारण वजनाला वजन आणि बायकोलाही कपाट मोकळं झाल्याचं समाधान. रविवारी सिंहगड, आणि तोही एकाच सकाळी दोनदा. हा सराव अगदीच वाया जात नाही. लेडी लेगहून शिखर सुमारे १,४०० मीटर वर आहे, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड दोनदा चढून वर थोडं, तेही बर्फात आणि निम्म्या हवेत. फरक इतकाच की सिंहगडावर पहिल्या फेरीनंतर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, आणि दुसऱ्या फेरीचा निर्णय तिथेच बदलतो. या सरावात एक गोम आहे. तब्येत ठणठणीत असली म्हणून उंची सोसतेच असं नाही. उलट जो दहा किलोमीटर तासाभरात पळतो, तोच वर भरभर चालतो आणि डोकं धरून बसतो. हळू चालण्याचा सराव मात्र कुणीच करत नाही. तो करायचा म्हटलं तरी टेकडीवर मागून आजोबा येऊन पुढे निघून जातात आणि तो अपमान मराठी माणसाला सोसत नाही.

डॉक्टरांकडे दाखला घ्यायला गेलं की ते आधी विचारतात, "वजन कमी करायला सांगितलं होतं, त्याचं काय झालं?" मग उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल सांगतात: कुणी घ्यायची, किती घ्यायची, सल्फाची ॲलर्जी असेल तर का घ्यायची नाही. गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला जावं लागतं. शिवाय वर दिवसाला चार लिटर पाणी प्यायचं असतं. या दोन सूचनांची बेरीज रात्री दोन वाजता तंबूत, उणे तापमानात, स्लीपिंग बॅगची चेन शोधताना समजते.

घरोघरी २०२१ पासून खणात पडलेला ऑक्सिमीटर आता बाहेर येतो. कोविडच्या त्या काळात सगळ्या घरांनी एक आकडा पाठ केला होता: ९४ च्या खाली गेलं की धावपळ. गाईड सांगतो, चार हजार मीटरवर ८५ दिसला तरी माणूस ठीक असू शकतो, नुसता आकडा पाहू नका, माणसाकडे पाहा. हे गटाला पटतं, पण घरच्यांना पटवायचं कसं? म्हणून ठरतं की वरून घरी आकडा कळवायचा नाही. रेंज नाही, हे किती बरं आहे ते तेव्हा कळतं.

खाण्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. दर घरातून किलोभर बेसनाचे लाडू, चिवडा, चिक्की, मेतकूट आणि एक लोणच्याची बाटली, जी सॅकमध्येच फुटणार असते. वर भूक मरते हे शास्त्र आहे. पण लाडू तसेच परत आणले तर काय होतं, हे शास्त्राने कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे ते घोडेवाले, आचारी आणि बकरथाचची कुत्री यांच्यात वाटले जातात आणि घरी "सगळे संपले" असं खरंच सांगता येतं.

एवढी सगळी जय्यत तयारी झाल्यावर तक्त्यात अजून एकच गोष्ट नसते: तो रिकामा रकाना. गाईड फोनवर शांतपणे सांगतो, "सर, राखीव दिवस नसेल तर मी शिखराचं काही सांगू शकत नाही." शिखराच्या रात्री एक-दोन वाजता निघावं लागतं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, हिमकडे आणि दगड सुटू लागतात. त्या रात्री वारा सुटला, ढग आले, तर जायचं नाही, उद्या. आणि आपल्या तक्त्यात उद्या मनालीहून दिल्लीची बस असते, परतावा न मिळणाऱ्या तिकिटाची.

तेव्हा गटाला कळून चुकतं की काहीही न करण्याचा दिवस कुठल्याच मराठी समितीपुढे मंजूर होणार नाही. त्याला काहीतरी कामाला लावलं पाहिजे. शाळेतल्या बाईंना हे चांगलं माहीत असतं, वेळापत्रकातला मोकळा तास त्या वर्षानुवर्षं अशाच वाचवत आल्या आहेत. त्या रात्रीतून तक्ता दुरुस्त करतात. बॉसला पाठवायच्या प्रतीत त्या दिवशी 'प्रगत हिम-प्रशिक्षण' येतं. आईसाठी 'हिडिंबादेवीचं दर्शन व ओटी'. मुंजवाल्यासाठी 'रस्ता बंद (शक्यता)', आणि मनालीत हे कधीही खरं ठरू शकतं. सवय होण्याच्या दिवसासमोर 'निसर्गनिरीक्षण' लिहितात, त्यामुळे त्याला शैक्षणिक वजन येतं. एका रात्रीत दोन्ही दिवस मंजूर होतात, आणि आदल्या आठवड्यापर्यंत ज्यांना एक तास निघत नव्हता, त्यांना चक्क दोन दिवस सापडतात.

खजिनदार तेवढा अडून राहतो. "हवामान चांगलं निघालं आणि राखीव दिवस वापरलाच नाही, तर त्या दिवसाचे पैसे परत मिळतात का?" गाईड नाही म्हणतो. तो "बरं" म्हणतो आणि वहीत नोंद करतो.

अशा माणसाला बरोबर नेलंच पाहिजे. वर, शिखर हाताच्या अंतरावर दिसत असताना आणि परत फिरायची ठरलेली वेळ टळून गेलेली असताना, सगळ्यांना एकच वाटतं: एवढे आलोय, एवढा खर्च केलाय, अजून अर्धा तास. सहा हजारी पक्ष पुढे सरकतो, अनुभवी "हिमालयात ना" म्हणून तोंड उघडतो. खजिनदार मात्र घड्याळ पाहतो, कुऱ्हाड बर्फात रोवतो आणि म्हणतो, "चला खाली. पैसे दोन्ही वाटांचे भरलेत. अर्धीच वापरून चालणार नाही."